शेंदूर लावलेलं बेट

आमच्या मेडिकलमध्ये सकाळी मांडलेली ओआरएसची पाकिटं दुपारपर्यंत संपायला लागली की समजायचं, तापी उतरली. अमळनेरच्या बाजारात बसून मला काही नदी दिसत नाही. पण गिऱ्हाइकाच्या ओठांवरची सालपटं दिसतात, आणि तेवढ्यावरून मी सांगू शकते की पात्रात आता वाळू उघडी पडली असणार. पूर्वी हे कळलं की मला दुकानात करमायचं नाही. आता कळलं की मी नवी पेटी फोडते, पाकिटं मांडते आणि गप्प बसते.

"पुन्हा जायचं नाही का?" नवरा विचारतो. विचारतो कसला, डिवचतो.

"कुठं?"

"तुमच्या त्या अंड्यांकडं."

मी पेटीतली पाकिटं मोजायला घेते. लग्नाला इतकी वर्षं झाली, कुठं बोट ठेवलं की दुखतं ते त्याला बरोबर ठाऊक आहे.

खानदेशातला उन्हाळा आवडतो असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. मला आवडायचा. सगळा नाही, पहाटेचा तेवढा. पाच-साडेपाचला नदीवर जो वारा असतो तो दिवसभरात पुन्हा कुठंही मिळत नाही. पायाखालची वाळू गार, वरून ओलसर, आणि समोर पात्राच्या मधोमध एक लांबट बेट. त्या बेटावर नदीसुरय अंडी घालायचे. नदीसुरय म्हणजे राखाडी अंगाचा, काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा पक्षी. उडताना असा हलका की डोळ्यांना थकवा येत नाही. घरटं म्हणाल तर काही नाही. वाळूत एक खळगा, त्यात दोन-तीन अंडी, रंगानं वाळूसारखीच, वर तपकिरी ठिपके. शेजारी टिटव्या, शेजारी चिखल्या नावाचे चिमुकले पक्षी, त्यांचीही तशीच उघडी अंडी. बठ्ठा, म्हणजे सगळाच, संसार उघड्यावर.

दुपारी पंचेचाळीस अंशांत ती अंडी उकडून का निघत नाहीत, असं मला पहिल्या वर्षी वाटलं होतं. मग नानांनी दुर्बीण हातात दिली आणि म्हणाले, "बघा." सुरय पाण्यावर उतरला, पोट भिजवलं, तसाच ठिबकत येऊन अंड्यांवर बसला. थोड्या वेळानं दुसरा आला, तो उठला, तो पोट भिजवायला गेला. दिवसभर हेच. मी दोन बाळंतपणं काढलीत, पण त्या पाखरांकडं बघून मला माझीच लाज वाटली.

नाना म्हणजे नरडाण्याचे. रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते, निवृत्त झाले. बारीक अंग, मोठा आवाज, आणि आयुष्यभर एकच वेड: लोकांच्या डोक्यातली भुतं काढायची. गावोगाव जाऊन चमत्कारामागचं विज्ञान दाखवायचे. पाण्यानं दिवा पेटवायचे, नारळातून केस काढायचे, आणि मग ते कसं केलं ते सांगायचे. अंगात येणाऱ्या बाईला त्यांनी भर यात्रेत शांतपणे विचारलं होतं, "माय, तुझं दुखतंय काय?" पाखरांचा नाद त्यांना नोकरीतच लागला. गाडी यायला वेळ असला की रुळांच्या खडीतली टिटवीची अंडी बघत बसायचे. पहाटेच्या पॅसेंजरनं ते अमळनेरला यायचे आणि तिथून आम्ही किशोरशेठच्या जीपमधून नदीवर.

किशोरशेठ आमच्याच बाजारातले, किराण्याचे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आलेले. हे बोलतात मराठी, शिव्या देतात अहिराणीतून, हिशेब करतात मारवाडीत. मनानं मऊ. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस. जीप त्यांची, थर्मासमधला चहा त्यांचा, डब्यातली खाखरा-चटणीही त्यांचीच. आणखी दोघं-तिघं यायचे जायचे; कायमचे आम्ही तिघं.

मोजायची आमची एक रीत होती. बेटावर पाय ठेवायचा नाही. अलीकडच्या काठावरून दुर्बिणीतून बघायचं. एकानं वरच्या अंगापासून मोजायचं, दुसऱ्यानं खालच्या अंगापासून, आणि मोजून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. बोललं की आकडा दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो. वाळूतून चालताना ओळीनं, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकून. ऊन वाळूला लागायच्या आत काठ सोडायचा, कारण माणूस जवळ असला की पाखरू अंड्यांवरून उठतं, आणि त्या उन्हात उठलं की संपलं. इतक्या जपून मी माझ्या सासूच्या खोलीतही कधी वावरले नाही.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या आणखी चार गाड्या जातील. गावाच्या शेवटच्या घरापाशी जीप उभी करायची. ते घर सोनाअक्कांचं. विधवा बाई, दोन एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. त्यांच्या विहिरीचं पाणी आम्ही बाटल्यांत भरून न्यायचो. अक्का ओट्यावर बसून दात घासत आमच्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "काय वं माय, तुमले घरमा काही काम नही का?"

मी मनात म्हणायचे, घरात काम आहे म्हणून तर इथं येते.

मग ट्रॅक्टर आले. ते काही आकाशातून पडले नाहीत. खालच्या अंगाला वाळू उपसत उपसत एका उन्हाळ्यात आमच्या बेटापाशी पोचले. तहसील कचेरीत जाऊन आलो. तिथं खुर्ची दिली, चहा दिला, कारवाई करतो म्हणाले. आम्ही नदीवर पोचेपर्यंत ट्रॅक्टर पसार झालेले, आणि आमची जीप परत फिरली की पुन्हा हजर. आम्ही चहा पीत असतानाच इकडं निरोप पोचत असणार, हे कळायला फार अक्कल लागत नाही. एकदा नानांनी एका ट्रॅक्टरवाल्याला हात करून थांबवलं. तो उतरला, नानांच्या पाया पडला, अगदी वाकून. आणि म्हणाला, "नाना, तुमनं वय झायं. वाळूमा पाय सांभाळीसन टाकत जा." इतक्या गोड आवाजात धमकी मी त्याआधी ऐकली नव्हती. जीपमध्ये किशोरशेठ खिशात किल्ली शोधत राहिले. त्यांना गाडी सुरू करायला वेळ लागला.

त्यानंतरच्या आठवड्यात ते झालं. अंडी नुकतीच घालायला लागली होती. नाना पहाटे उतरले तेच हातात पिशवी घेऊन. पिशवीत शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली. किशोरशेठच्याच दुकानातून आदल्या दिवशी मागवून घेतलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"बंदोबस्त," नाना म्हणाले.

बेटाच्या वरच्या टोकाला, घरट्यांपासून लांब, त्यांनी नदीतलेच सात गोटे ओळीनं मांडले, तेलात शेंदूर कालवून माखले, पुढं चिमूटभर हळद टाकली. साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं डोहापाशी, विहिरीपाशी असे सात दगड दिसले की माणूस चपला काढून लांबून जातो; त्यांच्या जागेत कुणी खणत नाही. मी काठावरून बघत होते. ज्या माणसानं जन्मभर शेंदूर खरवडला तो माणूस बोटांनी शेंदूर फासत होता, आणि चेहऱ्यावर असा मिश्कील आनंद की मला हसू आवरेना.

"नाना, आता तुमच्या व्याख्यानांचं काय?" ते काठावर परतल्यावर मी विचारलं.

"भीती त्यांची आहे," नाना म्हणाले. "मी फक्त कामाला लावली. पावसाळ्यात पूर आला की दगड वाहून जातील. कोणाला काही कळायचं नाही."

लागू पडलं ना. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर बेटाच्या अलीकडून वळले. कोणीतरी विचारलं असावं, तर तोच पाया पडणारा गडी म्हणाला होता, "तठे आसरा शे. आपन नही जाऊ." त्या उन्हाळ्यात बेटावर एक घमेलंभर वाळू हलली नाही. पिल्लं निघाली. वाळूच्याच रंगाची, पळायला लागली तरच दिसणारी. आई मासा घेऊन आली की एकदम वाळूला पाय फुटल्यासारखं व्हायचं. मोजताना आमचा वरचा आकडा आणि खालचा आकडा जुळेना, कारण पिल्लं एका जागी राहतील तर ना. किशोरशेठनी घरून जिलबी आणली होती. आम्ही काठावर बसून खाल्ली, आणि नाना पाक लागलेली बोटं चाटत म्हणाले, "देवी पावली." तिघं खूप हसलो. माझ्या आयुष्यात इतकं निवांत हसणं फार नाही झालेलं. हा तोच उन्हाळा, जो मला विसरता येत नाही आणि ज्याची आठवण आली की आता तोंड कडू होतं.

पावसाळ्यात पूर आला. चांगला आला, बेट बुडालं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं आणि आम्ही हिवाळ्यातली बदकं मोजायला गेलो, तर बेटाच्या वरच्या टोकाला सात दगड. शेंदूर ताजा. पुढं नारळाची करवंटी, हिरव्या बांगड्या. नानांनी बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही.

"गोटे जड होते," शेवटी ते म्हणाले. "रुतून बसले असतील."

गावात मात्र बोलबाला झाला होता. एवढा पूर आला, पण आसरा जागची हलली नाही. जागृत आहे. कुणाची म्हैस सापडली, कुणाच्या सुनेला दिवस राहिले. मंगळवारी, शुक्रवारी बाया दहीभात घेऊन यायला लागल्या. दहीभाताला कावळे आले, नारळाच्या तुकड्यांना कुत्री आली. कावळ्याला एकदा अंड्याची चव कळली की तो दहीभात सोडतो. पुढच्या उन्हाळ्यात निम्म्या घरट्यांतली अंडी फुटलेली आम्ही काठावरूनच पाहिली.

आणि मग आखाजी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय्यतृतीया आमच्याकडं आखाजी, आणि खानदेशातल्या सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा ती प्यारी. माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, नदीवर जायचं. मीही लग्नानंतर कित्येक आखाज्यांना तशीच गेलेय, त्यामुळं त्या पोरीबाळींना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पण आखाजी येते नेमकी वैशाखात, पिल्लं निघायच्या वेळी. आता आखाजीला गावाच्या सगळ्या लेकी आसरांना खण-नारळ घेऊन बेटावर जायला लागल्या. गुडघाभर पाण्यातून ओल्या लुगड्यानं जायचं म्हणून काठापासून बेटापर्यंत मुरूम-दगडांची वाट टाकली. वाट झाली तशा मोटरसायकली गेल्या. मग ओटा बांधला. ओट्याला वाळू लागते. ती लांबून कशाला आणायची, बेटावरचीच घेतली. देवीच्या कामाला देवीची वाळू, त्यात कोणाला काय वाटायचंय.

ओट्यावरची पत्र्याची शेड कोणी दिली ते मला पाटीवरून कळलं. पाटीवर किशोरशेठच्या वडिलांचं नाव.

मी तडक त्यांच्या दुकानात गेले. ते गुळाच्या भेलीवरच्या माश्या हाकलत होते.

"तुम्ही?" एवढंच मी म्हणाले.

"वहिनी, लोक येऊनच राहिलेत," ते खाली बघून म्हणाले. "लहान पोरं असतात सोबत. ऊन कसलं पडतं तुम्हाला माहीत आहे. तेवढीच सावली."

"आणि पाखरांची सावली?"

"पाखरांना कुठं सावली लागते?" ते म्हणाले, आणि म्हणाल्यावर अंड्यांवर सावली धरून बसणारं पाखरू त्यांना आठवलं असावं. पण पत्रा ठोकून झाला होता. त्यानंतर ते नदीवर आमच्यासोबत आले नाहीत. देवीला जातात, मंगळवारी. मला त्यांचा राग आहे आणि तरी त्यांना शिव्या देववत नाहीत, हे जास्त वाईट.

गेल्या वर्षी बेटावर एकही घरटं नव्हतं. वरच्या अंगापासून मी मोजलं, खालच्या अंगापासून नानांनी. आकडे पहिल्यांदाच झटकन जुळले.

यंदा आखाजीच्या आधी नानांचा फोन आला. "मी गावात जाऊन सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"खरं. दगड मी मांडले म्हणून. आसरा काठावर आणा, तिथं मोठं देऊळ बांधा, मी स्वतः विटा वाहीन. पण बेट मोकळं करा. अजून एक-दोन जोड्या वर घिरट्या घालतात. यंदा जागा मिळाली नाही तर पुन्हा येणार नाहीत."

"मारतील तुम्हाला."

"मारू देत," ते म्हणाले. "माझ्या तोंडून आयुष्यात एकच खोटं निघालं, आणि तेवढंच लोकांना पटलं."

मी दुकान नवऱ्यावर टाकलं आणि गेले. किशोरशेठची जीप नव्हती, एसटीनं गेलो, फाट्यावरून चालत. शेडमध्ये आखाजीची तयारी चालली होती, पताका, माईकची वायर, चुलाण्यावर शिऱ्याची कढई. गावची पाच-पंचवीस माणसं होती. नाना उभे राहिले. जन्मभर हजारो लोकांपुढं बोललेला माणूस, पण त्या दिवशी आवाज बसला होता. त्यांनी सगळं सांगितलं. शेंदराची पुडी, तेलाची बाटली, सात गोटे. ट्रॅक्टर. पाखरं. "मी तुम्हाला फसवलं," ते म्हणाले. "माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, पण देवी काठावर घ्या."

मला वाटलं होतं आता गलका होईल. कोणी काठी उचलेल. काहीच झालं नाही. कढईतला झारा तेवढा थांबला. लोक एकमेकांकडं बघत होते, काहीजण तर हसू दाबत होते.

सोनाअक्का ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "नाना, दगड तुम्हीच मांडात, हाई बठ्ठा गावले पहिला दिनपाईन माहित शे. मी म्हशी पाजाले उनथू, मी स्वतः देखं."

नाना ओट्याच्या कडेला टेकले.

"आनि तुमना दगड तर पहिलाच पूरमा वाही गयात," अक्का पुढं म्हणाल्या. "हाई आमना शेतस. आम्हीच लाई मांडात."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. ट्रॅक्टर वाळू नेत होते तसं गावच्या विहिरींचं पाणी खाली चाललं होतं. कोणाची बोलायची छाती नव्हती. बोलणाऱ्याचा कापूस पेटतो. नानांचे दगड बघून ट्रॅक्टर वळले, आणि त्या उन्हाळ्यात अक्कांच्या विहिरीला वैशाखातही पाणी राहिलं. म्हणून पुरानंतर गावानं चार माणसं पाठवून नवे दगड मांडले, तेल-शेंदूर लावला आणि देवी हलली नाही म्हणून पाच गावांत सांगत सुटले. गर्दी जितकी जास्त, तितका ट्रॅक्टर लांब. काठावर देवी आणली की बेट पुन्हा त्यांना मोकळं.

"पाखरांचं काय मग?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "सगळं माहीत होतं तर एवढं तरी बघायचं. वाट टाकलीत, कुत्री आणलीत. थोडी जागा तरी सोडायची."

अक्कांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या नानांशीच बोलल्या, आणि रागानं नाही, एखाद्याला औषध पाजावं तशा.

"वाळूवालास्ले 'उठा' म्हणानी तुमनी हिंमत नव्हती नाना, म्हणीसन तुम्ही देवीले पुढे करं. आते देवीले 'ऊठ' म्हणानी हिंमत आमनामा नही."

झारा पुन्हा फिरायला लागला. एका बाईनं द्रोणात शिरा आणून नानांच्या हातात दिला, आणि नानांनी तो घेतला.

मुरमाच्या वाटेनं आम्ही परत निघालो. उतरायला जागा नसलेला एक सुरय डोक्यावर ओरडत फिरत होता. चोचीत मासा होता, म्हणजे जोडीदार जवळपास असणार. काठावर पोचल्यावर नानांनी द्रोण खाली ठेवून दुर्बीण काढली. पाखरू नदीच्या खालच्या अंगाला गेलं. तिकडं दोन ट्रॅक्टर लागले होते, आणि त्यांच्यामागं उपसून सपाट झालेली, कुणाचाही पाय न पडलेली वाळू चकाकत होती.

"उतरला का?" मी विचारलं.

"उतरला."

"कुठं?"

नानांनी दुर्बीण खाली घेतली. "ट्रॅक्टरच्या मागं," ते म्हणाले. "खळगा करतोय."